विमान कंपनी रातोरात बंद पडली, तर सरकारने नेमकं कोणाला वाचवायचं?

खिडकीजवळचा (धागाकर्ता)

एखादी विमान कंपनी बसली की दोन दिवस तीच ती भांडणं ऐकू येतात. "सरकारने वेळीच पैसे दिले असते तर वाचली असती" हा एक गट, "मालकाने मजा मारली, आता भोगा" हा दुसरा. मला दोन्हींत रस उरलेला नाही. कंपनी बंद पडल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत सरकार काय करतं आणि कोणाच्या खिशातून करतं, यावर फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

हा विषय माझ्या डोक्यात मोनार्कमुळे घुसला. २ ऑक्टोबर २०१७, सोमवार. ब्रिटनची ही कंपनी बंद झाल्याचं पहाटे चारच्या सुमारास जाहीर झालं. रात्रीची विमानं टेकलेली, सकाळची अजून उडायची. कंपनीचे सुमारे १ लाख १० हजार प्रवासी तेव्हा परदेशात होते. पुढची तिकिटं काढून बसलेले लाखो लोक वेगळेच. तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाने तिसाहून जास्त विमानं जमवली आणि दोन आठवड्यांत ८० हजारांहून जास्त लोकांना घरी आणलं.

आता यातली मेख. ब्रिटनमध्ये एटॉल नावाची योजना आहे. पॅकेज सहल विकणारी कंपनी दर प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत भरते आणि कंपनी बुडाली तर त्या निधीतून माणसाला परत आणतात किंवा त्याचे पैसे परत देतात. मोनार्कच्या बहुतेक प्रवाशांनी मात्र नुसतं तिकीट काढलेलं होतं, त्यांना हे छत्र नव्हतं. सरकारने तरी सगळ्यांनाच फुकट आणलं. ज्याचे अडीच पौंड भरलेले आणि ज्याचे नाहीत, दोघं शेजारी शेजारी बसून आले. सुरुवातीचा अंदाज सहा कोटी पौंडांचा होता.

दोन वर्षांनी थॉमस कुक. २३ सप्टेंबर २०१९. दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश पर्यटक बाहेर, मोहिमेचं नाव 'मॅटरहॉर्न', ७४६ उड्डाणं. कंपनीने सरकारकडे मदत मागितली होती, सरकारने नाही म्हटलं. एकाला वाचवलं की उद्या दुसरा बेफिकीर होतो, असा पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचा युक्तिवाद होता. मात्र त्याच थॉमस कुकची जर्मनीतली विमान कंपनी होती काँडोर. तिला जर्मन केंद्र सरकार आणि हेसे राज्याने मिळून ३८ कोटी युरोंचं कर्ज दिलं आणि ती उडत राहिली. आई गेली, मुलगी वाचली.

माझा प्रश्न: यातलं कोणतं सरकार शहाणं?

उडाणटप्पू

धागा चांगला आहे, पण प्रश्नातच घोळ आहे राव. सरकारने कोणालाच वाचवू नये. आमच्या गल्लीतला वाणी बुडाला तर सरकार येतं का उधारी द्यायला? विमानात बसणारा माणूस काही अन्नाला महाग नसतो. त्याने दुसरं तिकीट काढावं आणि यावं. विमा काढायचा होता आधी.

(आता शिव्या खायला तयार आहे :) )

हिशेबनीस

@उडाणटप्पू, शिव्या नाही देत, हिशेब देतो.

वाणी तुम्हाला माल आधी देतो, पैसे नंतर घेतो. विमान कंपनी नेमकं उलटं करते. तुम्ही तीन महिने आधी पैसे भरता, ती तीन महिन्यांनी उडवते. मधल्या काळात तुम्ही त्या कंपनीला बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज दिलेलं असतं. तिकिटावर तसं लिहीत नाहीत एवढंच. बँक कर्ज देताना ताळेबंद बघते. तुम्ही बघितला होता का?

आणि हे कोसळणं 'अचानक' का वाटतं, याचंही उत्तर यातच आहे. कंपनी महिनोन् महिने तोट्यात असते, पण आगाऊ तिकिटांचा पैसा येत असतो, त्यावर इंधनाची बिलं आणि पगार भागतात. मग कुठेतरी कुजबुज सुरू होते. कार्डाचे व्यवहार सांभाळणारी बँक सावध होते, कारण कंपनी बुडाली तर प्रवाशांचे पैसे तिलाच परत करावे लागतात. ती म्हणते, आम्ही विक्रीचे पैसे आता लगेच सोडणार नाही, विमान उडाल्यावर सोडू. झालं. ज्या नळावर घर चालत होतं तोच बंद. अमेरिकेत २००८ च्या एप्रिलमध्ये फ्रंटियर एअरलाइन्सला कोर्टात धाव घ्यावी लागली ती याच कारणाने. ती पुढे उडत राहिली, ते सोडा.

तोट्याने कंपनी वर्षानुवर्षं मरत नाही. रोकड संपली की एका रात्रीत मरते. इंधनवाला म्हणतो रोख द्या, विमानतळ म्हणतो आधी मागची बाकी भरा. स्विसएअरचं २ ऑक्टोबर २००१ ला हेच झालं. इंधनापुरते पैसे नाहीत म्हणून अख्खा ताफा उभा. स्वित्झर्लंडसारख्या देशाची राष्ट्रीय कंपनी!

खिडकीजवळचा

@हिशेबनीस, तारखांची गंमत बघा. स्विसएअर २ ऑक्टोबर, मोनार्क २ ऑक्टोबर. इटलीची अलितालिया सरकारी प्रशासकाच्या ताब्यात गेली २ मे २०१७ ला, आणि आपल्याकडच्या गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला २ मे २०२३ ला. ज्योतिषी मंडळींना कळवा.

गंमत सोडली तर एक कारण उघड आहे. युरोपात उन्हाळ्याची कमाई सप्टेंबरअखेर संपते, पुढे हिवाळाभर खर्चच खर्च. मोनार्क आणि थॉमस कुक दोघी त्याच वळणावर गेल्या.

स्विसएअरचं पुढे काय झालं तेही सांगतो. दोन दिवसांत सरकारने ४५ कोटी फ्रँक दिले, ४ ऑक्टोबरला विमानं पुन्हा उडाली. नंतर आणखी पैसे ओतले, मार्च २००२ अखेर स्विसएअर नाव कायमचं उतरलं आणि धाकट्या क्रॉसएअरवर 'स्विस' उभी केली. ती २००५ मध्ये जर्मनीच्या लुफ्थान्साकडे गेली. म्हणजे सरकारने कंपनी वाचवली नाही, सहा महिने विकत घेतले.

कलमबहाद्दर

"सहा महिने विकत घेतले" हे वाक्य आवडलं. आमच्या कायद्याच्या बाजूला याच गोष्टीला वेगळा शब्द आहे, मोरॅटोरियम. भारतात गो फर्स्टच्या वेळी त्याचा जो तमाशा झाला तो इथे लिहायलाच हवा. लांबेल, चहा घेऊन बसा.

गो फर्स्ट म्हणाली की प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं वेळेवर मिळाली नाहीत, निम्मा ताफा जमिनीवर बसला, पैसा संपला. २ मे २०२३ ला ती स्वतःहून एनसीएलटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे) गेली, म्हणजे सावकारांनी खेचली नाही. ३ मेपासून विमानं उभी. १० मे रोजी अर्ज दाखल करून घेतला गेला आणि मोरॅटोरियम लागू झाला. याचा अर्थ कंपनीच्या ताब्यातली कोणतीही वस्तू आता कोणी उचलून नेऊ शकत नाही. साध्या कारखान्यासाठी हे शहाणपणाचं आहे. यंत्रं सावकारांनी ओढून नेली तर कारखाना विकणार काय?

पण विमान कंपनीची विमानं तिची नसतात! बहुतेक भाड्याची. मालक बाहेरदेशी. तो म्हणतो, भाडं थांबलं, माझं विमान परत द्या. त्यासाठी केप टाउन करार आहे, २००१ चा, भारत त्यात २००८ साली आला. कराराप्रमाणे मालकाने कागद पुढे केला की डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीच्या नियामकाने, पाच कामकाजी दिवसांत विमानाची नोंदणी रद्द करायची आणि ते देशाबाहेर जाऊ द्यायचं. डीजीसीए म्हणाली, आमचे हात मोरॅटोरियमने बांधले आहेत.

एका कायद्याने सांगितलं सोड, दुसऱ्याने सांगितलं धर. विमानं जागेवर. पुढे ३ ऑक्टोबर २०२३ ला कंपनी व्यवहार मंत्रालयाने अधिसूचना काढली की विमानं आणि इंजिनांना मोरॅटोरियम लागू नाही. तरी भांडण थांबलं नाही, कारण ही सूट जुन्या प्रकरणाला लागू की नव्यालाच? शेवटी २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजी दिवसांत रद्द करायला सांगितलं. जवळजवळ वर्ष गेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायला काढली.

त्या वर्षात कोणाचं भलं झालं? प्रवाशाला त्या विमानांत बसता आलं नाही, मालकाला ती मिळाली नाहीत, कंपनी काही उठली नाही. २०२५ मध्ये संसदेने विमान वस्तूंमधल्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा केला तो या धड्यावरूनच.

उडाणटप्पू

चहा संपला, प्रतिसाद संपला नाही :)

पण हे माझ्याच बाजूने जातंय. सरकारने हात घातला की घोळ होतो.

कलमबहाद्दर

नाही हो. हात घातला म्हणून घोळ झाला नाही, कुठला हात कुठे घालायचा ते आधी ठरवलेलं नव्हतं म्हणून झाला. घर जळताना विहिरीचा मालक कोण यावर दावा चालू होता.

आडमुठा

सगळे नंतरच्या गोष्टी बोलताय. मला एवढंच सांगा, नियामक आधी काय करत होता? किंगफिशरचे पगार किती महिने थकले होते? परवाना निलंबित झाला २० ऑक्टोबर २०१२ ला, तोही कर्मचारी संपावर जाऊन विमानं आधीच बंद पडल्यावर. जेट एअरवेजचं तेच. मार्च २०१९ मध्ये विमानं एकेक करून जमिनीवर येत होती, पगार थकले होते, रोज पेपरात आकडे येत होते. १७ एप्रिलला अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान आलं तोपर्यंत ती तिकिटं विकत होती! बुडणाऱ्या कंपनीला आगाऊ पैसे घेऊ देणारा नियामक हा साक्षीदार नाही, भागीदार आहे. गो फर्स्टला "तिकीट विक्री ताबडतोब थांबवा" हा आदेश निघाला ८ मेला. विमानं ३ तारखेपासून उभी!

हिशेबनीस

@आडमुठा, राग समजतो. पण नियामकाच्या खुर्चीत बसून बघा. उद्या सकाळी डीजीसीएने जाहीर केलं की "अमुक कंपनीची आर्थिक स्थिती नाजूक आहे, तिकीट जपून काढा." दुपारपर्यंत विक्री शून्य, संध्याकाळपर्यंत कार्डवाली बँक पैसे अडवते, रात्री कंपनी बंद. कदाचित नवा गुंतवणूकदार पुढच्या आठवड्यात सही करणार होता. आता खून कोणी केला?

मोनार्कचंच घ्या. एटॉल परवाना दरवर्षी ३० सप्टेंबरला नव्याने घ्यावा लागतो. २०१६ मध्ये कंपनी डळमळली तेव्हा प्राधिकरणाने बारा दिवसांची मुदतवाढ दिली. तेवढ्यात मालकांनी पैसे आणले आणि कंपनी वर्षभर जगली. २०१७ मध्ये फक्त चोवीस तासांची मुदतवाढ दिली. पैसे आले नाहीत, २ तारखेच्या पहाटे खेळ खलास. एकदा तीच ढिलाई कामाला आली, एकदा नाही आली. आधी कळायचं कसं?

आडमुठा

विक्री थांबवायची गरजच नाही. आगाऊ पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा. विमान उडालं की कंपनीला मिळेल. घर बांधणाऱ्या बिल्डरला रेराने ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लावली. मग विमानवाल्यांना का नाही?

हिशेबनीस

मुद्दा खरा आहे. माझं अर्धं मन तुमच्याकडे आहे. पण ज्या दिवशी हा नियम लागू होईल त्या दिवशी निम्म्या कंपन्यांना खेळतं भांडवल दुसरीकडून आणावं लागेल, व्याज लागेल, ते तिकिटात चढेल. आज जी स्वस्त तिकिटं दिसतात त्यातला काही भाग आपल्याच आगाऊ पैशाचा आहे. चालेल का लोकांना?

आडमुठा

मला चालेल.

जमिनीवरची

बरेच दिवस वाचते आहे, लिहीत नव्हते. आता राहवत नाही.

मी एका विमान कंपनीत ग्राउंड स्टाफ होते. नाव लिहीत नाही. ती आता नाही. तुम्ही सगळे कायदा आणि कर्जाचं बोलताय, मी काउंटरच्या अलीकडून सांगते.

आम्हाला कोणी सांगितलंच नाही. पगार तीन महिने अर्धवट येत होता, तरी रोज ड्यूटीवर जायचो, कारण गैरहजर राहिलं तर नोकरी सोडली असं धरतील ही भीती. शेवटच्या दिवशी दुपारी एक-एक उड्डाण रद्द होऊ लागलं. कारण विचारलं की वरून उत्तर: "ऑपरेशनल." प्रवासी ओरडत होते आणि आमच्याकडे त्यांना द्यायला हा एकच शब्द होता. आपल्याच अंगावरचा युनिफॉर्म लपवावा असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पण खरी गोष्ट वेगळीच. संध्याकाळी बुकिंगची संगणक प्रणाली बंद झाली. ती बाहेरच्या कंपनीची असते, आम्ही भाड्याने वापरायचो. तिचंही बिल थकलं असणार. लॉगिन गेलं, आणि त्याबरोबर प्रवाशांची यादी गेली. कोण परतीच्या तिकिटावर कुठे अडकलंय, कोणाला व्हीलचेअर लागते, कोणतं पोर एकटं प्रवास करतंय, काही कळेना. सरकारी अधिकारी रात्री आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती माणसं आहेत?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. माझ्या एका सहकाऱ्याने दुपारीच शहाणपणा करून दुसऱ्या दिवसाच्या याद्या छापून ठेवल्या होत्या. त्या कागदांवर दोन दिवस काम चाललं.

तर सरकारने काय करावं विचारताय ना? पैसे द्या-न द्या, ते नंतर बघा. आधी ती यादी ताब्यात घ्या.

खिडकीजवळचा

@जमिनीवरची ताई, हा प्रतिसाद मूळ लेखाच्या वर हवा होता.

मोनार्क आणि थॉमस कुक या दोन्ही वेळी प्राधिकरणाने तयारी आधीच गुपचूप केली होती, म्हणून पहाटे घोषणा आणि सकाळी विमानं असं जमलं. पण गुपचूप तयारी करणं म्हणजे कंपनी मरणार हे गृहीत धरणं, आणि बातमी फुटली तर हिशेबनीस म्हणतात तसं आपणच मारणं.

मोनार्कनंतर ब्रिटनने पीटर बक्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मे २०१९ मध्ये अहवाल आला. मला त्यातलं मर्म असं दिसतं: अडकलेल्यांना आणायला सर्वांत सोयीची विमानं म्हणजे मेलेल्या कंपनीचीच. वैमानिक तेच, मार्ग तेच, यादी तीच. पण कायद्याने कंपनी बुडाली की त्याच क्षणी ती विमानं ठप्प होतात आणि सरकार जगभर दुसरी विमानं शोधत फिरतं. म्हणून समिती म्हणाली, कंपनी बुडाल्यावरही प्रवासी परत येईपर्यंत तिला उडू देणारी विशेष प्रशासनाची व्यवस्था करा, आणि खर्चासाठी दर प्रवाशामागे ५० पेन्सहून कमी असं छोटं शुल्क घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये राणीच्या भाषणात कायद्याचं आश्वासन आलं. मग करोना आला.

तिरपा_डोळा

अहवाल चांगला असला की समजावं, कायदा होणार नाही.

कलमबहाद्दर

उडू देणार कसे पण? परदेशी विमानतळावर उतरलं की तिथला विमानतळ थकबाकीसाठी विमान अडकवतो. आइसलंडची वॉव एअर २८ मार्च २०१९ ला बंद पडली. केफ्लाविक विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने वॉवच्या थकबाकीपोटी एक विमान अडकवून ठेवलं, आणि ते विमान वॉवचं नव्हतंच, अमेरिकेतल्या भाड्याने देणाऱ्या कंपनीचं होतं! काही महिने कोर्टबाजी चालली. तेव्हा "सरकार हमी देतं, या विमानाला हात लावू नका" असं पत्र पहिल्या तासात प्रत्येक विमानतळाला गेलं पाहिजे. जर्मनांनी काँडोरला कर्ज दिलं, त्याआधी १५ ऑगस्ट २०१७ ला एअर बर्लिनने अर्ज केला तेव्हाही १५ कोटी युरोंचं कर्ज दिलं, ते याच हिशेबाने. ऐन सुट्टीचा हंगाम होता. एअर बर्लिन २७ ऑक्टोबरपर्यंत उडली आणि मग शांतपणे गेली. प्रतिस्पर्धी रायनएअरने आरडाओरडा केला की हे सगळं लुफ्थान्साच्या सोयीसाठी चाललंय. ती ओरड अगदीच बिनबुडाची होती असंही मी म्हणणार नाही. पण लोक रस्त्यावर आले नाहीत.

उडाणटप्पू

बरं, मी थोडा मागे येतो. घरी आणण्यापुरतं सरकारने यावं. पण अलितालियाचं काय? २०१७ मध्ये ९० कोटी युरोंचं 'तात्पुरतं' कर्ज, २०१९ मध्ये आणखी ४० कोटी. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये ते ९० कोटी बेकायदा ठरवले, तोपर्यंत कंपनीच बंद व्हायला आली होती. १४ ऑक्टोबरला शेवटचं उड्डाण, १५ ला तिच्या जागी नवी कंपनी आयटीए सुरू. 'तात्पुरती' मदत चार वर्षं चालते ती अशी.

हिशेबनीस

ह्याला +१. मदतीची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी लिहून द्यायची, नाहीतर द्यायचीच नाही.

आपल्याकडेही करोनानंतर सरकारी हमीच्या कर्जयोजनेत विमान कंपन्यांची मर्यादा ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०० कोटींवरून १५०० कोटी रुपये केली होती. सात महिन्यांत गो फर्स्ट बसली. हमीचं कर्ज इंजिनाच्या दुखण्यावर कसं चालेल?

पाहुणा_११

धागा वाचला, छान. पण माझं तिकीट अडकलं तर मी काय करायचं ते कोणी सांगेल का? थोडक्यात.

कलमबहाद्दर

थोडक्यात: क्रेडिट कार्डने काढलं असेल तर त्याच दिवशी बँकेला चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरचे पैसे परत मागण्याचा अर्ज, मुदत असते, "बघू" म्हणून थांबू नका. एजंटकडून किंवा पोर्टलवरून काढलं असेल तर त्यांनाही लेखी कळवा. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली असेल तर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत दावा भरा. पण आशा बेताचीच ठेवा. रांगेत आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण असलेले सावकार, मग इतर कर्मचारी. तुम्ही बिनतारणवाले, खूप मागे. हिशेबनीसांनी वर बिनव्याजी कर्ज म्हटलंय ते उगाच नाही.

तिरपा_डोळा

आणि जे परत यायला दुसरं तिकीट काढतात त्यांचं काय? कंपनी बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर बाकीच्यांचे भाव बघा. पुरवठा कमी, मागणी तीच, संगणक आपोआप भाव चढवतो. गो फर्स्टनंतर जून २०२३ मध्ये मंत्रालयाने कंपन्यांना बोलावून "स्वतःहून आवर घाला" असं सांगितलं. स्वतःहून!

खिडकीजवळचा

अमेरिकेने ९/११ नंतरच्या कायद्यात एक छोटी तरतूद केली होती, मला ती फार आवडते. एखादी कंपनी बुडाली तर त्याच मार्गावर उडणाऱ्या इतर कंपन्यांनी तिच्या तिकीटधारकांना रिकाम्या जागी, जमेल तितकं, न्यायचं, आणि फक्त जादा खर्चापुरते पैसे घ्यायचे. परिवहन खात्याने सुरुवातीला एका बाजूचे २५ डॉलर ठरवले होते. सरकारचा एक पैसाही नाही. विमान जाणारच होतं, जागा रिकामीच होती. ती तरतूद २००६ मध्ये संपली आणि कोणी पुन्हा आणली नाही. २००८ च्या मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला अलोहा, एटीए, स्कायबस एका आठवड्यात बंद पडल्या तेव्हा ती असायला हवी होती.

आडमुठा

ह्यात माझ्यासारख्यालाही खोट काढता येत नाही. आणि बुडालेल्या कंपनीचे स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा? जेटचे मुंबई-दिल्लीचे स्लॉट तात्पुरते म्हणून इतरांना दिले, मग जेट पुन्हा उठवायची म्हणणाऱ्यांना ते परत मिळाले का?

कलमबहाद्दर

नाही. सरकारने कोर्टात सांगितलं, जुन्या स्लॉटवर हक्क सांगता येणार नाही. मोनार्कचं बरोब्बर उलटं झालं. तिथल्या अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये मेलेल्या कंपनीला स्लॉटचा हक्क दिला, आणि ते विकून सावकारांना पैसे मिळाले. मला विचाराल तर दोन्हींत प्रवासी कुठेच नाही. आणि जेट? पुनरुज्जीवनाची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली, ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला. बंद पडल्यापासून साडेपाच वर्षं.

जमिनीवरची

कर्मचाऱ्यांचं कोणी बोललंच नाही, म्हणून मीच बोलते.

ऑस्ट्रेलियात ॲन्सेट बंद पडली, १४ सप्टेंबर २००१. सोळा हजार माणसं. तिथल्या सरकारने कंपनी वाचवली नाही, पण देशातल्या प्रत्येक विमान तिकिटावर दहा डॉलरचा कर लावला आणि त्यातून कर्मचाऱ्यांची थकलेली देणी आधी दिली. ऑक्टोबर २००१ ते जून २००३. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

उडाणटप्पू

ताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो. ॲन्सेटचं पाप तिथल्याच दुसऱ्या कंपनीच्या, क्वांटासच्या प्रवाशाने का फेडायचं?

जमिनीवरची

फेडू नये, बरोबर आहे. पण मग ॲन्सेटच्या सामान चढवणाऱ्याने का फेडायचं? विमानं कोणी भाड्याने घेतली, इंजिन कोणाचं, स्लॉट कोणाला, यातलं काही त्याला विचारून झालं होतं का?

हिशेबनीस

आणखी एक. ॲन्सेटची मालक होती एअर न्यूझीलंड. मुलगी गेली, आणि पुढच्याच महिन्यात न्यूझीलंड सरकारने आईला ८८ कोटी ५० लाख न्यूझीलंड डॉलर देऊन वाचवलं. काँडोरच्या उलट. खिडकीजवळच्यांनी "कोणतं सरकार शहाणं" विचारलंय, तर ज्याचा मतदार बाहेर अडकलाय ते सरकार लगेच शहाणं होतं, एवढंच मला दिसतं.

उडाणटप्पू

ताई, उत्तर नाहीये माझ्याकडे. एक विचारू? त्या छापलेल्या याद्यांचं पुढे काय झालं?

जमिनीवरची

सहकाऱ्याकडेच आहेत, फाइलमध्ये. सरकारी माणसांनी झेरॉक्स नेल्या, मूळ प्रत मागितलीच नाही. एकटं प्रवास करणारं जे पोर होतं, त्याच्या नावापुढे पेनाने "पोचला, मामा घेऊन गेले" असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे. ग्रॅच्युइटीचा माझा अर्ज अजून पुढे सरकलेला नाही, मुदत कधीपर्यंत असते ते @कलमबहाद्दर सांगाल का?

कलमबहाद्दर

व्यनि केला आहे, ताई. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी अवसायनाच्या मालमत्तेत धरत नाहीत, तो मुद्दा अर्जात वेगळा लिहा. नेमणूकपत्र आणि शेवटच्या पगाराची पावती हाताशी ठेवा.